घरचं रक्त

मी शाळेत मराठी शिकवते आणि माझ्या कपाटात इम्युनॉलॉजीची पुस्तकं आहेत. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम एकदा घरी आल्या होत्या, त्यांची नजर तिकडे गेली. "मुलगी मेडिकलला आहे का?" त्यांनी विचारलं. मला मूल नाही आणि आमच्या सात पिढ्यांत कोणी मेडिकलला गेलेलं नाही. "माझीच आहेत," म्हणून मी चहा ठेवायला उठले. त्या बाईंचा काही दोष नव्हता, पण या पुस्तकांबद्दल कोणी सहज विचारलं की माझं डोकं फिरतं.

तसं आमच्या घराला पुस्तकांचं वेड बाबांनी लावलं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते बाबांना खांद्यावर बसवून घेऊन गेले होते. देव्हारा गेला आणि त्या कोनाड्यात पुस्तकं आली. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कामाला होते. शिक्षण सातवी. इंग्रजी येत होतं ते पार्सलवरच्या स्टेशनांच्या नावांपुरतं. पण दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलं की रिकाम्या हातानं परत यायचं नाही, हा त्यांचा कायदा. तिथे पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात, त्यातून प्रत्येकानं आपापलं एक पुस्तक घ्यायचं. आईसुद्धा घ्यायची, भले स्वयंपाकाचं का असेना.

कायदा तिथेच संपत नव्हता. पुस्तक वाचून झालं की बाबांसमोर बसायचं आणि त्यात काय आहे ते सांगायचं. तेही एका वाक्यात. पाल्हाळ लावला की म्हणायचे, "एवढं लंबं मले ध्यानात नाही राहत. एका वाक्यात सांग." सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न यायचा, "कोन्या पानावर?" मग पान काढून दाखवायचं. थापा चालायच्या नाहीत. मी आजही वर्गात पोरांना हेच दोन प्रश्न विचारते आणि पोरं माझ्या माघारी माझी नक्कल करतात, हे मला माहीत आहे.

ताई माझ्याहून बरीच मोठी. स्वभावानं इतकी गरीब, की भाजीवाल्यानं किडका भोपळा दिला तरी "त्याच्या लक्षात नसन आलं" म्हणायची. मी नेमकी उलटी. माझा राग सगळ्या वस्तीला ठाऊक होता. ताईचं लग्न पारशिवनीकडे झालं. भाऊजी तिकडच्याच एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची होती, पण दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली आणि ताईचं रक्त थांबेना. जीपमध्ये घालून तिला नागपूरला आणलं. मी तेव्हा कॉलेजात होते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्त चढवावं लागेल, आमच्याकडे तिच्या गटाची बाटली आहे. आणि बाबा आडवे आले.

"बाहेरचं रक्त नाही पायजे," ते म्हणाले. "कोनाचं असन, काय बिमारी असन, काय सांगता येते? माह्या पोरीले घरचं रक्त द्या."

हे बोलणारा माणूस आयुष्यभर वस्तीत प्रत्येक सभेत सांगत आला होता की सगळ्या माणसांच्या रक्ताचा रंग एकच. पण तिथे जमलेल्या सगळ्या नातेवाइकांचं तेच म्हणणं पडलं. काकू म्हणाली, घरचं ते घरचं. भाऊजींचे वडील म्हणाले, परक्याचं रक्त आंगाले लागत नाही. डॉक्टरांना वाद घालायला वेळ नव्हता, आणि तेव्हा असं चालायचंही. तिचा आणि माझा गट एकच निघाला. मला झोपवलं, माझी बाटली भरली आणि तपासून ती तिला लावली. दुसरीची गरज पडली नाही. माझं बाटलीभर रक्त थेंबथेंब तिच्या हातात जाताना मी दाराच्या काचेतून पाहिलं. माझ्या आयुष्यात मला स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

पुढे मी बाबांना खूप छळलं. "काहून बाबा, सगळ्यायच्या रक्ताचा रंग एकच न?" ते हसून म्हणायचे, "ते भाषण होतं वं. हे पोरीचं काम होतं."

त्या बाटलीवरून घरात एक थट्टा सुरू झाली आणि ती वर्षानुवर्षं चालली. ताई कधी नव्हे ती कोणावर चिडली, की लगेच माझ्याकडे बोट दाखवायची. "हा राग माहा नाही. हा हिच्या बाटलीतला हाये." एकदा म्हणे तिनं सासूला उलटून उत्तर दिलं, आणि भाऊजींनी खास फोन करून मला सांगितलं, "तुमचं रक्त चढलं आज." मी खूश झाले होते. निदान काहीतरी तर कामाला आलं.

मग ताईच्या पायांवर सूज यायला लागली. बीपी कधीपासून वाढलेलं होतं कोण जाणे, तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. डोकं दुखलं की कपाळाला बाम लावून कामाला लागायची. रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं तोवर दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. पारशिवनीहून ये-जा झेपेना, म्हणून भाऊजींनी नंदनवन भागात आमच्या घराजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि शनिवार-रविवार येऊन राहू लागले. बाकीचे दिवस ताई माझ्या ताब्यात.

डायलिसिसच्या माणसानं काय काय खायचं नाही हे ज्याच्या घरी ते आहे त्यालाच कळतं. भाजी चिरून उकळायची, पाणी फेकायचं, मग फोडणी द्यायची. डाळ बेतानं. मे महिन्यात सगळं नागपूर भाजून निघत असताना दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत मोजून. आणि संत्रं तर नावालाही नाही, त्यात पोटॅशियम असतं. हिवाळ्यात दारावर संत्र्यांचा गाडा आला की ताई एक संत्रं विकत घ्यायची, सोलायची, मला द्यायची आणि सालीचा वास घेत बसायची. मला ते संत्रं गिळवत नसे. पण खाल्लं नाही तर तिला वाईट वाटायचं, म्हणून खायचे.

किडनी बदलणं हाच उपाय होता. भाऊजींना साखरेचा आजार, आई-बाबा थकलेले. तिच्या मुलीचं नाव कोणी काढलं तसं ताई म्हणाली, "पोरीचं नाव पुन्हा घेशान तं मी डायलिसिसले येनार नाही." उरले मी. माझा गट जुळत होता, तब्येत ठणठणीत होती आणि एकदा दिलेलं होतंच. मी तर ठरवूनच टाकलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घरचंच कामाले येते शेवटी."

तपासण्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांच्या तोंडून असे एकेक शब्द यायला लागले, की मी घरी येऊन ते मनातल्या मनात घोकायचे. मराठीच्या बाईला न कळलेला शब्द झोपू देत नाही. आणि आमच्या घराचा तर नियमच होता, समजत नसेल तर पुस्तक आणा.

मी सीताबर्डीला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गेले. आधी मराठीत शोधलं. मराठीत मिळाली ती 'प्रतिकारशक्ती वाढवा' छापाची. मुखपृष्ठावर लिंबू, हळद आणि हसणारी बाई. आत सगळीकडे एकच सल्ला, वाढवा. काय वाढवा, कोणाची वाढवा, वाढली की ती काय करते, याचा एका ओळीत पत्ता नाही. किडनी बदलायची तर ही शक्ती औषधं देऊन दाबून ठेवावी लागते, कारण ती नव्या किडनीलाच शत्रू समजते. हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून त्या 'वाढवा'वर माझा दात आहे. शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा घेऊन आल्या, इम्युनिटी वाढते म्हणाल्या, तर मी तो त्यांच्या देखत मोरीत ओतला. त्या महिनाभर बोलल्या नाहीत. ताईनं मात्र त्यांना हातानं केलेली पाटवडी पाठवली आणि निरोप दिला, "तिचं मनावर नका घेऊ. तिचं रक्तच तसं हाये."

इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तक मिळालं. कोणा मेडिकलच्या पोराचं किंवा पोरीचं जुनं. पानोपानी पिवळ्या शाईच्या रेघा आणि मार्जिनमध्ये 'परीक्षेला हमखास' असल्या खुणा. त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांसाठीचं एक बारकं, चित्रांचं पुस्तक घेतलं, त्यात पेशींना हातपाय काढलेले होते. एक वैद्यकीय शब्दकोश, आणि मराठी परिभाषा कोश शाळेच्या ग्रंथालयातून. या चारांची मिळून मी शिकवणी लावली. जाड पुस्तक खरं बोलायचं पण कळायचं नाही, चित्रांचं कळायचं पण अर्धंच सांगायचं. एखादं पान समजायला दोन-दोन दिवस लागत. जे समजेल ते डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून मी ताईला सांगायचे. मशीन घरघरत असायचं, तिचं रक्त एका नळीनं बाहेर जायचं आणि दुसरीनं आत यायचं, आणि ती म्हणायची, "आज काय शिकून आली, सांग."

तिला ते फार आवडायचं. जंतू गिळणाऱ्या पेशींना परिभाषा कोशात भक्षक पेशी म्हटलंय. ताईनं त्यांचं नाव 'खादाड' ठेवलं. अँटिबॉडीला मराठीत प्रतिपिंड म्हणतात, हे ऐकून तिला इतकं हसू आलं की नर्स धावत आली.

"आपन बौद्ध मानसं," ताई म्हणाली. "आपल्यात कोनी मेलं तरी पिंड पाडत नाही, अन् माह्या रक्तात पिंड?"

एक शब्द मात्र अडला. आपल्याच शरीरावर हल्ला न करण्याची जी शिस्त पेशींना लागते, तिला इंग्रजीत टॉलरन्स म्हणतात. कोशात 'सह्यता' होतं. सह्यता म्हणजे काय, हे मराठीच्या एकाही माणसाला विचारून कळणार नाही. मी वैतागून ते पान मिटलं. ताईनं विचारलं, नेमकं काय म्हणायचंय त्याला? मी सांगितलं, की शरीर एखादी गोष्ट आपली मानतं आणि तिच्यावर उलटत नाही. ती म्हणाली, "मंग सोसनं म्हन न. काहीकाहीले दूध सोसत नाही, तसं. तुही किडनी मले सोसली म्हंजे झालं." मी वर्षानुवर्षं भाषा शिकवतेय आणि हा शब्द मला सुचला नव्हता. त्या दिवसापासून आम्ही सोसणं हाच शब्द वापरला.

आणखी एक गोष्ट तिला मनापासून पटली होती, ती म्हणजे आठवण ठेवणाऱ्या पेशी. एकदा एखादा परका शरीरात येऊन गेला, की काही पेशी त्याचा चेहरा लक्षात ठेवतात आणि वर्षांनी तो पुन्हा आला तर पहिल्यापेक्षा जोरानं तुटून पडतात. लस यामुळेच लागू पडते. ताई त्यांना 'ध्यानवाल्या' म्हणायची. "बाबासारख्या हायेत," म्हणायची. "पान नंबरासकट ध्यानात ठेवतात."

मग शेवटची तपासणी झाली, क्रॉसमॅच. तिच्या रक्तातलं पाणी आणि माझ्या पांढऱ्या पेशी एकत्र करून बघतात. रिपोर्ट संध्याकाळी भाऊजींच्या फोनवर आला. पानभर बारीक अक्षरं आणि खाली ठळक एकच शब्द, पॉझिटिव्ह.

आम्ही सगळे ताईच्या खोलीत होतो. मी रिपोर्ट मोठ्यानं वाचला आणि म्हटलं, "जुळलं." आई रडायला लागली. भाऊजी चप्पल घालून पेढे आणायला निघाले. बाबा तेवढे कपाळाला आठ्या घालून बसले होते. ते म्हणाले, "पॉझिटिव्ह म्हंजे वाईट न वं? कोरोनात पॉझिटिव्ह आला का मानसाले उचलून नेत."

मी त्यांच्यावर खेकसले. "बाबा, ते टेस्ट वेगळी. हे जुळवनी हाये. जुळलं म्हंजे पॉझिटिव्ह." पेढे आले. ताईला चालत नव्हते, तिनं कणभर जिभेवर ठेवला. त्या संध्याकाळी ती माझा हात धरून बसली होती. तिचा हात गरम आणि हलका होता. आम्ही दोघी ऑपरेशननंतर पहिलं संत्रं कुठून आणायचं याची चर्चा करत होतो.

बाबांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पॉझिटिव्ह म्हणजे ताईच्या रक्तात माझ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं आधीच तयार होती, आणि भरपूर. माझी किडनी लावली असती तर टेबलावरच काळी पडली असती. प्रतिपिंडं कमी करायचे उपाय असतात, पण त्यांचं प्रमाण फार होतं आणि ताईचं हृदय कमजोर झालं होतं. "यादीत नाव घालू," ते म्हणाले. "कुणा गेलेल्या माणसाची, जुळणारी मिळाली तर." मी विचारलं, "पण आधीच कशी तयार झाली? आम्ही सख्ख्या बहिणी आहोत." ते म्हणाले, "होतं असं कधीकधी," आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

होतं असं कधीकधी, या वाक्यावर माझं समाधान होत नाही. दुपारी शाळेतून आले आणि जाड पुस्तक काढून प्रत्यारोपणाचा धडा उघडला. तो मी पूर्वी एकदा वाचला होता, पण तेव्हा माझं सगळं लक्ष ऑपरेशननंतर काय होतं याच्यावर होतं. आता आधीचं वाचलं. परक्या माणसाच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायला तीन वाटा असतात. आधी झालेलं प्रत्यारोपण, गरोदरपण आणि चढवलेलं रक्त. आणि त्याच्या खाली एक ओळ होती, त्या मेडिकलच्या पोरानं दोनदा पिवळी केलेली, शेजारी 'परीक्षेला हमखास' लिहिलेली. पुढेमागे जो अवयव देऊ शकेल अशा नातेवाइकाचं रक्त शक्यतो त्या माणसाला चढवू नये, असा तिचा अर्थ होता.

मी ती ओळ शब्दकोश घेऊन पुन्हा लावून पाहिली. शब्द सगळे सोपे होते. अर्थ बदलला नाही.

त्या दिवशी दवाखान्यात बाहेरच्या माणसाची बाटली तयार होती. ती लावली असती तर ताईच्या ध्यानवाल्यांनी कोणा अनोळखी माणसाचा चेहरा लक्षात ठेवला असता, जो तिला पुन्हा कधी भेटणारच नव्हता. आम्ही हट्टानं घरचं दिलं. तिच्या शरीरानं मला ओळखून ठेवलं आणि इतकी वर्षं सांभाळून ठेवलं. घरात थट्टा चालली होती की माझा राग तिच्यात उतरला. उतरलं ते हेच होतं.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि पुस्तक त्यांच्यासमोर उघडं ठेवलं. त्यांनी ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी खुर्चीवर बसायला सांगितलं. "शक्यता आहे," ते म्हणाले. "गरोदरपणामुळेही झालं असेल. आता कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. आणि मॅडम, त्या दिवशी तुम्ही रक्त दिलंत, त्या जगल्या. तेवढंच धरून चला." चांगला माणूस होता. पण मला त्या क्षणी त्यांचा, त्या पुस्तकाचा आणि सगळ्या जगाचा राग आला होता. जिन्यात बसून मी रडले आणि मग तोंड धुऊन ताईच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले.

तिला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मी पेपरातलं काहीबाही वाचायला लागले. ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"पुस्तक काहून नाही आनलं?" तिनं विचारलं.

"जड होते."

"रोज तं आनत होती." मग छताकडे बघत म्हणाली, "ध्यानवाल्यायनं तुले वळखलं न वं? बाटलीतून आली होती म्हनून."

मीच तिला शिकवलं होतं सगळं. मी मान खाली घातली. तिनं सुई नसलेल्या हातानं माझी वेणी धरून ओढली, लहानपणी ओढायची तशी.

"रडू नोको," ती म्हणाली. "त्या दिवशी तुह्यं रक्त नसतं तं पोरीचा चेहरा नसता पायला मी." थोड्या वेळानं म्हणाली, "बाबाले सांगू नोको. बाबा म्हनन, म्या मारली माही पोरगी. त्याले हे सोसनार नाही."

एवढंच तिनं माझ्याकडून मागितलं. किडनी तर मला देता आली नाही.

यादीतून फोन आला नाही. मी फोन उशाशी ठेवून झोपायचे, वर्गात टेबलावर ठेवायचे, आणि कंपनीवाल्यांचे जाहिरातीचे फोन आले की त्यांना वाट्टेल ते बोलायचे. हिवाळा सरता सरता ताईला ताप आला. डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात गेला होता. खादाड पेशी थकल्या होत्या, औषधं थकली होती. शेवटच्या दिवशी तिला विशेष बोलता येत नव्हतं. भाऊजी पायांशी उभे होते, मुलगी डोक्याशी. मी तिच्या ओठांना ओला कापूस लावत होते आणि ती कापूस ओठांत धरून ठेवत होती, पाणी सोडायचं नाही म्हणून. आता पाणी मोजायचं कारण नव्हतं. मी चमच्यानं पाजलं. दोन घोट गेले. दुपारी ती गेली.

पिंड पाडले नाहीत. वंदना झाली, वस्तीतली माणसं येऊन बसली, बोलून गेली. कोणीतरी म्हणालं, बिचारीची प्रतिकारशक्ती कमी पडली. मी उठून आत निघून गेले. तिच्याइतकी पक्की आठवण ठेवणारं शरीर त्या खोलीत कोणाचंही नव्हतं. पण हे सांगणार कोणाला?

दसरा आला. बाबांचे गुडघे गेले आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू, तरी दीक्षाभूमीवर जायचंच म्हणाले. मी त्यांना हाताला धरून नेलं. त्यांनी स्वतःसाठी एक पुस्तक घेतलं आणि मग दुकानापाशी उभे राहून म्हणाले, "तायचंही घे एक." मी घेतलं. कोणतं घेतलं ते मी पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर ती पुस्तकं ठेवायला मी कपाट उघडलं. बाबा पलंगावर बसले होते. त्यांचं लक्ष त्या जाड पुस्तकाकडे गेलं.

"हे तायसाठी आनलं होतं न तुनं?" ते म्हणाले. "पुरं वाचलं?"

"वाचलं, बाबा."

"मंग सांगतलं नाही मले." आणि पलंगावर सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली. "काय हाये त्याच्यात? एका वाक्यात सांग."

त्यांना मी जन्मात कधी थाप मारलेली नाही. मारताच येत नसे. आणि ताईला मी शब्द दिला होता. मी त्यांच्या शेजारी बसले. वाक्य जुळवायला वेळ लागला. बाबा थांबले. एका वाक्यासाठी ते नेहमीच थांबायचे.

"कोनाचं रक्त आंगात गेलं का शरीर त्याले कधी विसरत नाही," मी म्हटलं.

बाबांनी ते मनाशी घोळवलं. त्यांच्या चेहऱ्यावर, ताई गेल्यापासून पहिल्यांदाच, काहीतरी सैल झालं.

"म्हंजे ते तुले नाही विसरली," ते म्हणाले. "शेवटलोग नाही विसरली."

"नाही विसरली, बाबा."

"बरं झालं मंग. घरचंच देलं आपन." आणि मग, सवयीनं, "कोन्या पानावर?"

मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि पान काढून दिलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, अक्षरंही नीट दिसत नव्हती. पिवळा रंग तेवढा दिसला असावा. त्या ओळीवर तळहात ठेवून ते बराच वेळ बसून राहिले.